परतीची गाडी

कुणाच्याही दारात चपला काढल्या की आत पाऊल टाकायच्या आधी ताई पायाच्या अंगठ्याने त्या फिरवून ठेवायच्या. चपलांची तोंडं रस्त्याकडे. मग उंबऱ्यातूनच पहिला प्रश्न, "परतनी गाडी कितला वाजता शे?"

ज्यांच्याकडे पहिल्यांदाच काम असे ती माणसं गोंधळायची. बसा म्हणायच्या आधीच ही बाई जायचं विचारते, म्हणजे काहीतरी बिनसलं असणार, असं त्यांना वाटे. कुणी घाईघाईने पाणी आणे, कुणी पंखा लावे. ताई पाणी उभ्यानेच पिऊन भांडं परत करायच्या आणि तोवर त्यांचे डोळे भिंतीवरच्या वायरीमागोमाग पार छतापर्यंत गेलेले असायचे.

तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल. नाटकाला गेल्यावर आधी बाहेर पडायचं दार बघून ठेवणारं. पण अशा माणसांना बहुधा भीती वाटत असते. ताईंना कसलीच भीती वाटत नसे. त्यांना फक्त स्वस्थ बसता येत नसे.

शहाद्याच्या बसस्टँडसमोर, पहिल्या मजल्यावर, त्यांचं दोन खोल्यांचं दुकान. इंटरनेटची जोडणी करून देणं, राउटर बसवणं, आणि त्याच्या पुढे फायरवॉल, म्हणजे बाहेरून आत शिरणाऱ्याला अडवणारी पेटी, ती लावून तिला नियम घालून देणं, हे काम. कॉलेजं, जिनिंगच्या गिरण्या, दवाखाने, पतपेढ्या, अशी गिऱ्हाइकं. नवरा असताना तो केबल टीव्हीचा धंदा करायचा. तो गेल्यावर ताईंनी केबलचं इंटरनेट केलं. "खांबवर चढनारी बाई," असं लोक म्हणायचे ते त्या मला हसत सांगायच्या. आता खांबावर चढायची गरज उरली नव्हती. दुकानातल्या स्क्रीनवरून त्या प्रकाशा गावच्या, तळोद्याच्या, नवापूरकडच्या राउटरांत शिरायच्या. शिरायच्या तेही उभ्यानेच. दुकानात त्यांची म्हणून एक खुर्ची होती. तिच्यावर गिऱ्हाईक बसत, वायरींची वेटोळी बसत, एकदा तर कुणाची तरी शेळी बसली होती. ताई बसलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

मी तिथे लागले ती पदवी झाल्यावर. नंदुरबारहून रोज बसने यायचं, तापीचा पूल ओलांडायचा, संध्याकाळी परत. मुलाखत अशी काही झालीच नाही. ताईंनी विचारलं, "बोलता येस ना?" मी घाबरून म्हणाले, "यस मॅम."

"मॅम कोन शे आठे? ताई म्हन."

त्या दिवसापासून माझं नाव इंग्लिश मीडियम पडलं. "काय वं इंग्लिश मीडियम, तोंड शे का नही तुले?" फोन वाजला आणि मी तो उचलायला कचरले की हे ठरलेलं. आमच्या घरी सगळे अहिराणीच बोलतात. पण शाळेत मराठी बोललं तरी वर्गाबाहेर उभं करत, तिथे अहिराणीचं काय. मला ती पूर्ण कळते, फक्त तोंडातून निघत नाही. ताई अहिराणीत विचारायच्या, मी पुस्तकातल्या मराठीत उत्तर द्यायची, आणि काम व्हायचं.

शिकवायची त्यांची पद्धत मला कुठल्याच पुस्तकात सापडली नाही. एका कॉलेजच्या फायरवॉलमध्ये मी दोन नियम लिहिले होते. वर लिहिलं, बाहेरून कुणालाही आत सोडू नका. खाली लिहिलं, परीक्षा विभागाच्या सर्व्हरला सोडा. परीक्षा विभाग काही केल्या चालेना. मी तासभर तपासत बसले. ताई फेऱ्या मारता मारता माझ्या पाठीमागे थांबल्या.

"लगनमा गयी व्हती का कव्हय?"

"हो."

"मांडवना दारवर मानूस उभा करा. त्याले पहिले सांगं, कोनलेच सोडू नको. मंग सांगं, नवरदेवले सोड. त्यानी पहिलाच हुकूम धरा. आते नवरदेव घोडावर बाहेर उभा शे आनि तू आठे की-बोर्ड कुटी ऱ्हायनी."

मी खालचा नियम वर नेला. परीक्षा विभाग चालू झाला. त्या नवरदेवाची मला अजून दया येते.

दुसऱ्या एका ठिकाणी, सोन्याचांदीच्या दुकानात, कॅमेरे बसवायला आलेल्या माणसाने "दोन दिवसांपुरतं" म्हणून फायरवॉल सताड उघडी करून ठेवली होती. कुणीही कुठूनही यावं. ते दोन दिवस संपल्याला कॅमेऱ्यांवर कोळ्यांनी जाळी विणण्याइतका काळ लोटला होता. ताईंनी मालकाला बोलावून स्क्रीन दाखवली. "शेठ, ह्या दोन दिन कव्हय सरतीन?" शेठ हसले. ताई हसल्या नाहीत. त्यांनी तो नियम काढला, आणि शेठ चहा मागवेपर्यंत चपलांत पाय घालून जिन्यात पोचल्याही होत्या.

पासवर्डच्या बाबतीत तर त्या कुणाचं ऐकत नसत. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवलेला दिसला की त्यांचा आवाज चढे. आणि फोनवर कुणी पासवर्ड मागितला, मग तो कॉलेजचा प्राचार्य का असेना, तर मला सक्त ताकीद होती. "फोनवर देव उना तरी देवाना नही. देवले सांग, दुकानमा ये, तोंड दखाड, मंग दखू."

पण त्यांचं खरं वैशिष्ट्य सांगायचं तर ते चपलांशीच जाऊन मिळतं. दूरच्या राउटरमध्ये काही बदलायचं म्हणजे एक धोका असतो. तुम्ही ज्या वाटेने आत शिरलात तीच वाट तुमच्या हातून बंद होऊ शकते. मग तुम्ही इथे, राउटर तिकडे डोंगरात, आणि त्याच्याशी बोलायला काही साधन नाही. नवशिक्यांकडून हे हमखास होतं. म्हणून ताई कुठलाही बदल करण्याआधी राउटरला सांगून ठेवायच्या, दहा मिनिटांनी आपोआप बंद होऊन चालू हो आणि जुन्या मांडणीवर परत जा. मग बदल करायचा. सगळं ठीक दिसलं तर तो हुकूम रद्द करायचा, म्हणजे बदल पक्का. काही बिघडलं, आपण बाहेर पडलो, तरी दहा मिनिटांनी राउटर होता तसा.

"पहिले परत येवानी वाट कर. मंग जाय कोठे जावानं ते."

ती दहा मिनिटं मात्र त्यांच्याकडे बघवत नसे. खिडकीपर्यंत जायचं, खाली लागलेल्या गाड्यांच्या पाट्या वाचायच्या, परत यायचं, अर्धा चहा प्यायचा, उरलेला विसरायचा, कमरेची किल्ल्यांची जुडी मुठीत दाबायची आणि सोडायची. बदल दोन ओळींचा का असेना.

आता मुख्य गोष्ट सांगते. ती दुकानात कुणापासून लपलेली नव्हती.

राउटरमध्ये शिरलं की शेवटचं कोण, कधी, कुठून आत आलं होतं, ते वरच दिसतं. रोज सकाळी दुकान उघडल्यावर ताई एकेका गिऱ्हाईकाच्या राउटरमध्ये जाऊन यायच्या. कामाचा भाग म्हणून. बहुतेक ठिकाणी शेवटचं नाव त्यांचंच असे, मी आल्यानंतर कधी माझं. पण कुठल्यातरी एखाद्या राउटरवर तिसरंच नाव असे. बापू. आणि पत्ता सुरतेचा.

ते दिसलं की ताई हलायच्या थांबायच्या.

बापू हा त्यांचा मुलगा. हे सगळं जाळं त्याने आणि ताईंनी मिळून उभं केलं होतं. मी येण्याच्या आदल्या वर्षी एका जिनिंगच्या गिरणीत त्याच्या हातून चूक झाली. तिथल्या हिशेबनिसाला घरून काम करायचं होतं, म्हणून बापूने बाहेरून थेट त्याच्या संगणकापर्यंत वाट उघडून दिली. पासवर्ड सोपा, वर पहारा काही नाही, आणि वाट परत बंद करायची मुदतही नाही. आठवड्याच्या आत कुणीतरी त्या वाटेने शिरलं आणि गिरणीच्या सगळ्या फाइली कुलूपबंद करून टाकल्या. ऐन कापसाच्या हंगामात. ताई गेल्या, गिरणीच्या मालकासमोर उभ्या राहिल्या, आणि सगळ्या हमालांच्या देखत मुलाला म्हणाल्या, "आजपासून दुकानमा पाय ठेवाना नही. घरमा बी नही."

त्याने पाय ठेवला नाही. सुरतेला कुठल्याशा कंपनीत लागला. फोन नाही, निरोप नाही. ताईंनीही केला नाही. हे सगळं त्यांनी मला एका दमात सांगितलं, दुकानाच्या दोन खोल्यांमध्ये येरझाऱ्या घालत, त्यामुळे निम्मं मला पलीकडच्या खोलीतून ऐकू आलं. मी काही विचारलं नव्हतं. विचारणं मला जमत नाही. मला वाटतं म्हणूनच सांगितलं असावं.

माणूस काम सोडून गेला की त्याचं खातं त्याच दिवशी बंद करायचं, हा या धंद्यातला पहिला धडा. न बंद केलेलं जुनं खातं म्हणजे किल्ली हरवून कुलूप तसंच ठेवणं. बापूचा पासवर्ड उद्या दुसऱ्या कुणाच्या हाती लागला, तर सगळ्या गिऱ्हाइकांची दारं एकाच वेळी उघडी. हे ताईंना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. आणि तरी प्रत्येक राउटरमध्ये, वर्ष उलटून गेलं तरी, बापूचं खातं चालू होतं.

तो आत येऊन काही करत नसे. नुसता येऊन जाई. फक्त दुकानाचा स्वतःचा जो जुना राउटर होता, त्याचं घड्याळ लाइट गेली की मागे पडायचं, आणि ते नीट करायचं ताईंना कधी आठवायचं नाही. ते बापू नीट करून जायचा. मग ताई मला बोलवायच्या. "दख वं, घडी नीट करी गया." जणू तो पाणी प्यायला येऊन गेला होता. त्या दिवशी अर्धा चहा पूर्ण प्यायला जाई.

मी एकदा धीर करून म्हणाले, "ताई, ते खातं..."

"करसू," त्या म्हणाल्या आणि खिडकीकडे गेल्या. "करसू, करसू."

तुम्ही माझ्या जागी असतात तर पुढे काय बोलला असतात, मला माहीत नाही. मी पुढचा राउटर उघडला.

नवापूरच्या पुढे डोंगरात एक लहान दवाखाना आहे. तिथले एक्स-रे इंटरनेटवरून शहरातल्या हाडांच्या डॉक्टरकडे जातात आणि तो बघून सांगतो, प्लास्टर करा की पुढे पाठवा. फायरवॉल ताईंची. तिथे एक तरुण डॉक्टर नवीन आले होते. त्यांनी आम्हाला बोलावून घेतलं. आधीच्या नोकरीत त्यांच्या हॉस्पिटलमध्ये कुणीतरी बाहेरून शिरून घोटाळा केला होता, म्हणून त्यांना इथलं सगळं डोळ्यांनी पाहायचं होतं.

ताईंनी चपला फिरवून ठेवल्या. परतीच्या गाडीची वेळ विचारली. डॉक्टर म्हणाले, "सोडतो मी नवापूरपर्यंत, काळजी नको." तरी त्यांनी शिपायाला वेगळं विचारून घेतलंच.

डॉक्टरांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "हे तुमचं खातं. हे यांचं. हा बापू कोण?"

"माझा मुलगा."

"इथे काम करतो?"

"नाही."

"तुमच्या दुकानात करतो?"

"नाही आता."

"मग काढा, ताई," ते म्हणाले. आवाज वाईट नव्हता. ज्याला पुढचा पेशंट वाट बघतोय अशा माणसाचा आवाज होता. ते निघून गेले.

ताईंनी आधी परतीचा हुकूम दिला. दहा मिनिटं. मग बापूचं खातं काढलं. एक ओळ. मग त्या उठल्या, म्हणजे उभ्याच होत्या, बाहेर गेल्या. मी खिडकीतून बघत होते. अंगणात एक जांभळाचं झाड होतं, त्याच्याभोवती त्या फिरत होत्या. किल्ल्यांचा आवाज आतपर्यंत येत होता. बदल बरोबर झाला होता. आता आत येऊन तो हुकूम रद्द करायचा, की झालं.

त्या आल्या नाहीत. मी दारापर्यंत गेले. "ताई, वेळ होत आली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हात वर केला, म्हणजे येते, आणि आणखी एक फेरी सुरू केली.

मी रद्द करू शकत होते. पण ते बोट माझं नव्हतं.

राउटर बंद झाला. सगळे दिवे विझले, मग एकेक करून लागायला लागले. आणि त्याच वेळी पलीकडच्या खोलीतून डॉक्टर ओरडले, "लाइन कुणी तोडली?"

ताडावरून पडलेला एक माणूस तिथे स्ट्रेचरवर होता. त्याच्या मांडीची फिल्म पाठवणं चालू होतं. ती अर्ध्यात थांबली होती. शहरातला डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनला जाण्याआधी बघून सांगणार होता. स्ट्रेचरवरच्या माणसाची बायको त्याचा हात धरून आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती.

"काय झालं, ताई?" डॉक्टरांनी विचारलं.

मला वाटलं, त्या वीज म्हणतील, टॉवर म्हणतील. आमच्याकडे वीज आणि टॉवर यांच्यावर काहीही ढकलता येतं.

"माझ्याकडून झालं," ताई म्हणाल्या. "थोडं थांबा. परत लागते लाइन."

लाइन लागली. फिल्म पुन्हा पहिल्यापासून गेली. उत्तर आलं, पुढे पाठवायची गरज नाही. तोवर ताई स्ट्रेचरजवळ उभ्या होत्या, किल्ल्या मुठीत गच्च, आवाज न करता. मग त्या स्क्रीनकडे आल्या. बापूचं खातं अर्थातच परत आलेलं होतं. पाठवायचं काही राहिलेलं नाही, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. पुन्हा परतीचा हुकूम, पुन्हा ती एक ओळ. या वेळी त्या बाहेर गेल्या नाहीत. लगेच हुकूम रद्द केला. ते बटण त्यांनी इतकं जोरात दाबलं की की-बोर्ड टेबलावर सरकला.

परतताना बसमध्ये त्या माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. सीट रिकामी होती. विसरवाडीच्या पुढे म्हणाल्या, "उद्या सगळी जागावर काढी टाकूत."

दुसऱ्या दिवशी आम्ही काढलं. कॉलेजं, गिरण्या, पतपेढ्या. मी नावं वाचायची, त्या काढायच्या. शेवटी दुकानाचा तो जुना राउटर उरला. तिथे गिऱ्हाईक कुणी नव्हतं, ऑडिट नव्हतं, डॉक्टर नव्हते. मला वाटलं, हा ठेवतील. त्यांनी तिथलंही काढलं.

मग सकाळी फक्त दोन नावं दिसायची. ताई तरी प्रत्येक राउटर उघडायच्या, वरची ओळ वाचायच्या, माझं नाव असलं की पुढे सरकायच्या. दुकानाच्या राउटरचं घड्याळ मागे पडलं ते मागेच राहिलं. मी नीट करायला गेले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे." त्यांच्या फेऱ्या वाढल्या. चहा पाव कपावर आला. एकदा एका गिऱ्हाइकाकडे त्यांनी परतीची गाडी दोनदा विचारली, आल्या आल्या आणि पाच मिनिटांनी पुन्हा. त्यांना ते कळलं नाही. मला कळलं, आणि मी वायर गुंडाळत राहिले.

असे किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत. एका दुपारी ताई प्रकाशाला गेल्या होत्या आणि दुकानातला फोन वाजला. मी तो वाजू दिला. मग उचलला.

"राउटरमा जावाई नही ऱ्हायनं," एका पुरुषाचा आवाज. मागे रहदारी. "पासवर्ड बदलना का?"

"कोण बोलतंय?"

"मी पहिले तठेच व्हतू."

तो कोण ते मला कळलं. तरी तोंडातून जे सवयीने येतं तेच आलं. "फोनवर पासवर्ड देत नाही."

पलीकडे हसल्यासारखा आवाज आला. "देव उना तरी?"

"देव आला तरी," मी म्हणाले.

मी ठेवणार होते, इतक्यात तो म्हणाला, "पासवर्ड नको मले. सगळी जागावर बंद दिसनं ना... मले वाटनं तिले काही व्हयनं का काय. ती रोज सकाळले घुसे. मी तिनं नाव देखू, मंग कामवर जाऊ."

"ताई बऱ्या आहेत," मी म्हणाले.

"बरं," तो म्हणाला. आणि फोन ठेवला.

ताई आल्या. चपला फिरवल्या, पिशवी टेबलावर टाकली, स्क्रीनकडे वळल्या. मी म्हणाले, "ताई, फोन आला होता." माझ्या चेहऱ्यावर काहीतरी असावं. त्या जागच्या जागी थांबल्या.

"काय म्हने?"

मी पुस्तकातल्या मराठीत सुरुवात केली. तो म्हणाला की त्याला असं वाटलं की. ते वाक्य माझ्या तोंडात लाकडासारखं झालं. मग मी थांबले आणि जसं ऐकलं होतं तसंच म्हटलं. "ती रोज सकाळले घुसे. मी तिनं नाव देखू, मंग कामवर जाऊ." ताईंसमोर मी काढलेले ते पहिले अहिराणी शब्द.

ताई खुर्चीवर बसल्या. तिच्यावर वायरीचं वेटोळं होतं, त्याच्यावरच बसल्या.

"आवाज कसा व्हता?"

"बरा होता. हसले मध्ये एकदा."

"हसना?" त्या म्हणाल्या. "कसावर?"

मी सांगितलं. त्या देवाच्या गोष्टीवर ताईंचा हात तोंडावर गेला. तेवढ्यात खाली स्टँडवर कर्ण्यातून सुरत गाडी लागल्याचं पुकारलं. त्या उठल्या. पिशवी उचलली. चपलांची तोंडं जिन्याकडेच होती, पाय आत गेले न गेले आणि त्या खाली. मी खिडकीशी धावले. रस्ता मधूनच ओलांडत होत्या, एक हात वर, रिक्षांना थांबवत. गाडी हलली होती. कंडक्टरने दार उघडलं, त्या आत चढल्या, दार लागलं, गाडी वळणाआड गेली. सगळं इतक्या लवकर की मला काय राहून गेलं ते आधी सुचेना.

मग सुचलं. परतीची गाडी कितीला, हे त्यांनी विचारलंच नव्हतं.

मला दुकानात बसवेना. खुर्ची रिकामी, सकाळचा उरलेला चहा तसाच, की-बोर्ड तसाच. दुकानाला कुलूप लावून मी खाली उतरले, स्टँडवर चौकशीच्या खिडकीसमोर रांगेत उभी राहिले. रांगेतले लोक पुढे घुसत होते, मी कुणाला काही बोलले नाही, पण हललेही नाही. माझा नंबर आल्यावर म्हणाले, "सुरतहून इकडे यायला गाडी कितीला आहे?"

"तुले कोठे जावानं शे?" खिडकीतल्या माणसाने विचारलं.

"मला नाही जायचं."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग सगळ्या वेळा सांगितल्या. मी त्या पाठ केल्या.

त्याला आता बरेच दिवस झाले. ताई फोन करतात, दोन वाक्यांत कामाचं विचारतात आणि ठेवतात. कधी येणार ते सांगत नाहीत. मी विचारत नाही. दुकान मी उघडते. गिऱ्हाइकं ताईंना मागतात, मी म्हणते, येतील. सकाळी एकेक राउटर उघडते. ताईंचं नाव असतं, पत्ता सुरतेचा, वेळ मी बसमध्ये असतानाची.

काल लाइट जाऊन आली होती. म्हणजे दुकानाचा जुना राउटर मागे पडलेला असणार, म्हणून मी तो उघडला. वरच्या ओळीत ताईंचं नाव होतं. आणि घड्याळ बरोबर होतं. अगदी मिनिटावर.

ताईंना ते कधीच आठवत नाही. मी केलं नव्हतं. दुसरं कुठलं खातं उरलेलं नाही. म्हणजे देव आला तरी न द्यायची गोष्ट त्यांनी कुणाला तरी दिली होती.

नियमाप्रमाणे मी तो पासवर्ड लगेच बदलायला सांगायला हवं. मी फोन उचलला. नंबर लावला. वाजायच्या आत ठेवून दिला, आणि उठून दुसऱ्या खोलीपर्यंत जाऊन आले. मग पुन्हा गेले. खाली कर्ण्यातून सुरतहून गाडी आल्याचं पुकारत होते. मी खिडकीशी जाऊन उतरणाऱ्यांकडे बघत उभी राहिले.